धाकटा दांडा

माणसाने वेगापायी जो काही खटाटोप केला, त्या सगळ्या पसाऱ्यात एकच वस्तू मला थोडी विरक्त वाटत आली आहे. डोंगरात जाणाऱ्या जीपमध्ये गिअरच्या मुख्य दांड्याशेजारी एक आखूड दांडा असतो. मोठा दिवसभर राबतो; त्याची मूठ तळहातांनी आणि घामाने इतकी झिजलेली असते की तिच्यावरचे आकडे वाचायला पुरातत्त्व खात्याचा माणूस आणावा. धाकटा आपला कडेला उभा. कुणी हात लावला तर ठीक, नाही लावला तर त्याहून ठीक. गाडीच्या किमतीत त्याचेही पैसे भरलेले असतात, आणि त्या पैशांत मिळतं काय, तर सावकाशपणा. थांबायला ब्रेक आहे, रखडायला पुण्याचे रस्ते आहेत; हा त्याहून तिसराच प्रकार. तो ओढला की इंजिन पूर्वीसारखंच गरगरतं, तेल पूर्वीसारखंच पितं, आवाज तर पूर्वीपेक्षा चढाच करतं, आणि एवढा आकांत मांडून गाडी सरकते ती शेजारून रमतगमत जाणाऱ्या म्हशीने मान वळवून बघावं इतक्या बेताने. त्या वेळी म्हशीच्या डोळ्यांत जी करुणा दाटून येते ती मी जवळून पाहिलेली आहे.

दांड्याच्या खाली, गाडीच्या पोटात, ट्रान्स्फर केस नावाची एक ओतीव पेटी असते. आत तेलात बुडालेली दातेरी चाकं. शाळेत शिकवलं तेवढंच त्यातलं शास्त्र: दहा दात्यांचं चाक चाळीस दात्यांच्या चाकाला भिडवलं की लहानाच्या चार फेऱ्यांत मोठ्याची एक होते. फेऱ्या चौपट घटल्या, आणि पिळाचा जोर, ज्याला गॅरेजमधली पोरंसुद्धा टॉर्क म्हणतात, तो चौपट वाढला. इंजिनाला यातलं काही कळत नाही. बिचारं पूर्वीइतकंच कष्टत असतं. अंधाऱ्या खोलीत बसून दळण दळणाऱ्या बाईला आपल्या पिठाची पुढे भाकरी होणार की भाकरीवरचं पिठलं, याची जेवढी खबर, तेवढीच इंजिनाला आपण डोंगर चढतोय की हमरस्त्यावरून धावतोय याची.

सगळ्या जीपांची आजी म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली विलीज. विलीज आणि फोर्ड या दोन कारखान्यांनी मिळून अशा सहा लाखांहून जास्त गाड्या बनवल्या. पुढे १९४७ पासून महिंद्रांनी मुंबईत तिच्या भावंडांची जुळणी सुरू केली आणि ती आपल्याकडच्या कलेक्टर, डॉक्टर, इंजिनिअर आणि सिनेमातल्या डाकूंच्या नशिबी आली. विलीजमध्ये मोठ्या दांड्याखेरीज दोन धाकटे दांडे होते. एक पुढच्या चाकांना कामाला जुंपणारा, दुसरा 'हाय'चं 'लो' करणारा. आणि कारागिरांनी आत अशी मेख मारून ठेवली होती की पुढची चाकं जोडल्याखेरीज 'लो' पडतच नसे. एवढा वाढवलेला जोर एकट्या मागच्या धुरीवर पडला तर ती मोडायची, म्हणून ही काळजी. एकूण २.२ लिटरचं इंजिन, ६० अश्वशक्ती, आणि पिळाचा जोर १४२ न्यूटन-मीटरच्या आसपास. आजच्या हिशेबाने ही काही फार मोठी कमाई नव्हे. पण पहिल्या गिअरने त्याचे २.६६५ पट करायचे, 'लो'ने त्यावर १.९७ पट, आणि शेवटी दोन्ही धुरींवरच्या डिफरन्शियलने ४.८८ पट. तिन्हींचा गुणाकार करा, साडेपंचविसाच्या थोडा वर जातो. म्हणजे घर्षणाची वजावट करण्याआधी चाकांपाशी ३,६०० न्यूटन-मीटर. आणि या श्रीमंतीची किंमत? इंजिन मिनिटाला दोन हजार फेऱ्या घेत असताना वरच्या गिअरात, साध्या रस्त्यावर ही गाडी ताशी ५५ किलोमीटरने जाते. त्याच दोन हजार फेऱ्यांत, तोच घसा फोडून, पहिला आणि 'लो' लावला तर साडेदहा.

जुन्या काळी आपल्याकडे गावोगावची नाणी निराळी. चांदवडी रुपया, अंकुशी रुपया, आणखी कुठकुठले. एका पेठेतलं नाणं दुसऱ्या पेठेत चालवायचं तर सराफाकडे जायचं; तो ते उलटून पालटून बघायचा, दगडावर वाजवायचा, आणि आपला बट्टा कापून घेऊन तिथे चालणारं नाणं हातावर ठेवायचा. गाडीतली दातेरी चाकं मला त्या सराफासारखी वाटतात. इंजिन आणतं ती सगळी कमाई फेऱ्यांच्या नाण्यात. डोंगराच्या पेठेत ते नाणं चालत नाही, तिथे पिळाचं नाणं लागतं. सराफ अदलाबदल करून देतो. तो पदरचं काही घालत नाही. अश्वशक्ती आली तेवढीच राहते, वर थोडी कमीच होते, कारण बट्टा आहे. घाट चढून आलेल्या जीपच्या पोटाखालच्या पेटीला हात लावून बघा, चटका बसेल. तो बट्टा. लहानपणी मला तो चटका बसलेला असल्यामुळे ऊर्जेच्या अक्षय्यतेच्या नियमाबद्दल पुढे कॉलेजात मला कधी शंका आली नाही.

मुळात ही अदलाबदल करायची वेळ येते ती इंजिनाच्या स्वभावामुळे. पेट्रोलच्या इंजिनाला उभ्या उभ्या काहीच जमत नाही. मिनिटाला सहा-सातशे फेऱ्या घेतल्याशिवाय त्याचा स्वतःचाच श्वास टिकत नाही, आणि खरा जोर यायचा तर फेऱ्या आणखी वाढाव्या लागतात. बैलाचं बरोबर उलट. बैल जागच्या जागी खांदा देऊन उभा असतानाच सगळ्यात जास्त ओढतो. त्याला गिअर लागत नाही. पण त्याला 'लो'ही नाही, त्यामुळे चढ वाढला की बैल वाढवावे लागतात. पुण्याहून सासवडला निघालेल्या माउलींच्या पालखीचा रथ दिवे घाटाच्या पायथ्याशी आला की त्याला जादा बैलजोड्या जुंपतात. वळणावरून खाली पाहिलं तर झेंडूने मढलेला रथ आणि त्याच्यापुढे बैलांची ती लांब ओळ, शिंगांना रंग, पाठींवर घामाची चकाकी. रेल्वेनेही हेच केलं. बोरघाटाची चढण सदतिसास एक. १८६३ मध्ये तिथून गाडी सुरू झाली, तरी आजही कर्जतला गाडीच्या शेपटाला जादा इंजिनं लागतात आणि वरपर्यंत ढकलत नेतात. चढ आला की माणसाला आधी सुचतं ते हेच, आणखी कुणाला तरी बोलवा. जीपला एकटीने जायचं असतं. तिच्याजवळ बोलवायला कुणी नाही, म्हणून ती आपल्याकडचं दुसरं काहीतरी खर्ची घालते. घाई सोडली तर तिच्याकडे खर्चायला होतं तरी काय?

माझ्या मामांकडे अशी एक जीप होती. भोरच्या पुढे हिर्डस मावळात, जिथे पाऊस पडत नाही तर मुक्कामाला येतो, तिथल्या वाड्यावस्त्यांवरून ती दुधाचे कॅन गोळा करायची. लष्कराच्या लिलावातून आलेली. मूळचा हिरवा रंग मामांनी निळा केला होता, पण बंपरापाशी खरवडलं की आतून शिपाई दिसायचा. दारांच्या जागी ताडपत्री. ती चालवायला एक काका होते, अंगाने वाळक्या शेंगेसारखे, आणि बोलण्यात त्याहून कोरडे. मी शेजारी बसायचो ते त्यांचा धाकटा दांडा बघायला. मोठ्या दांड्याशी ते सलगीने वागायचे, तिसऱ्यातून दुसऱ्यात एका बोटाने. धाकट्याशी मात्र वाडवडिलांशी वागावं तसे. चढाच्या पायथ्याशी गाडी पुरती थांबवायची. क्लच पूर्ण दाबायचा. मग दांड्यावर तळवा ठेवून क्षणभर वाट बघायची, आणि हळूच ओढायचा. नेहमी पडायचा असं नाही. दात्यापुढे दाता आला की आतून कर्रकन नकार यायचा. मी अशा वेळी उत्साहाने म्हणायचो, "जोरात ओढा ना काका!" ते माझ्याकडे न बघता क्लच किंचित सोडायचे, गाडी बोटभर पुढे घ्यायचे, पुन्हा दाबायचे. "दाताला दात गावू दे की. कुटं पळून चाललाय डोंगर?" आणि मग पोटातून एक घनगंभीर 'खटक्' यायचा. तळव्याखालचा दांडा बारीक थरथरू लागायचा, मांजराच्या गळ्यावर बोट ठेवल्यासारखा. काका पायातली चप्पल काढून बाजूला ठेवायचे. ती का, हे मी कधी विचारलं नाही; पण पेडलचा बारीकसा कंप अनवाणी तळव्यालाच नीट कळतो, हे गाडी चालवायला लागल्यावर माझ्या लक्षात आलं.

मग ती चढायची. लाल मातीच्या चिखलातून, मधूनमधून वर आलेल्या काळ्या दगडांवरून. एकेक दगड ओळख करून घेऊन. चाक दगडाला टेकायचं, थबकायचं, विचार केल्यासारखं करायचं आणि वर यायचं. मागचं चाक तीच ओळख पुन्हा करून घ्यायचं. दुधाचे कॅन एकमेकांवर हळूच वाजायचे. मी खाली उतरून सोबत चालत गेलो तर वरच्या वाडीत आधी पोचेन हे मला कळत होतं, आणि कॅन मोजायला थांबलेल्या बायकांनाही कळत होतं. पण जीपबरोबर दीडशे लिटर दूध वर जात होतं आणि माझ्याबरोबर फक्त मीच गेलो असतो.

चिखलाची गोष्ट निराळी आहे. जोर वाढवला की काम झालं असं वाटतं खरं, पण चाकाला मिळालेला जोर जमिनीने घ्यायला हवा ना. टायर आणि माती यांच्यातल्या पकडीची एक मर्यादा असते. तिच्यापुढचा जोर म्हणजे नुसती गरगर. माझा मामेभाऊ, नुकती मिसरूड फुटलेली, एकदा हट्टाने काकांच्या जागी बसला. चावडीपुढच्या दलदलीत गाडी जराशी अडली, आणि त्याने मर्दासारखी रेस दिली. चारही चाकं जागच्या जागी अशी फिरली की मागे पंचायतीच्या पांढऱ्या भिंतीवर चिखलाची रांगोळी उमटली आणि जीप नम्रपणे धुरीपर्यंत खाली बसली. काका पारावर बसून तंबाखू मळत होते. तिथूनच म्हणाले, "हिरीला तितं पानी लागंल, पर पाक खालपतुर खंदावी लागंल." मग उठून आले, चाकांपुढे दगड-फांद्या भरल्या, 'लो' तसाच ठेवला, पण पहिल्याऐवजी दुसरा गिअर टाकला. जोर थोडा कमी, पण चाक झटक्याने सुटत नाही. जवळजवळ रेस न देताच क्लच सोडला. टायरच्या नक्षीने मातीचा एकेक घास धरला आणि गाडी आवाज न करता बाहेर आली. 'लो'चं हे कसब मला त्याच्या ताकदीपेक्षाही मोलाचं वाटतं. पेडल बोटभर दाबलं तर चाक तसूभर सरकतं. पायाची थरथर, रस्त्याचा हिसका, चालवणाऱ्याचा उतावीळपणा, सगळं त्या दात्यांच्या गर्दीत बारीक होत होत चाकापाशी पोचतं तेव्हा त्यात काही दम उरलेला नसतो.

हळू जाण्याचा हा गुण डोंगराने माणसावर लादला, असं आपल्याला वाटतं. पण अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा पर्वतात लोक तो हौसेने पैसे खर्चून जोपासतात. तिथे रुबिकॉन नावाची एक वाट आहे, साधारण ३५ किलोमीटरची, सगळी ग्रॅनाइटच्या गुळगुळीत धोंड्यांमधून टाहो सरोवराकडे गेलेली. १९५३ पासून तिथे जीपवाल्यांची जत्रा भरते. ही ३५ किलोमीटर पार करायला लोक अंथरूण-पांघरूण, तंबू आणि दोन दिवसांचं जेवण घेऊन निघतात, आणि एका दिवसात पोचले तर हळहळतात. आपले वारकरी पुण्याहून सासवडपर्यंतचा जवळपास तेवढाच टप्पा, मध्ये दिवे घाट चढून, टाळ वाजवत एका दिवसात पायी उरकतात. त्या वाटेचं नाव घेतलेली जी जीप रँग्लर आहे तिच्यात 'लो'ची कपात तब्बल ४ पट आहे. हाताने गिअर टाकायच्या गाडीत सगळा गुणाकार ८४ च्या वर जातो. इंजिन मिनिटाला हजार फेऱ्या घेतं तेव्हा चाक जेमतेम बारा घेतं, आणि गाडी तासाला दोन किलोमीटरही जात नाही. हा वेग मी कुठे पाहिलाय याचा बराच विचार केला. आमच्या गावच्या शंकराच्या देवळात, सोमवारी संध्याकाळी, गुडघे दुखत असलेल्या आज्या प्रदक्षिणा घालतात तो हाच.

युद्धानंतरच्या जर्मनीत यापेक्षा वेगळ्याच गरजेतून एक गाडी जन्मली. तिचं नाव उनिमोग. शेतकऱ्याला नांगर ओढता यावा आणि त्याच गाडीतून बाजारालाही जाता यावं, असा विचार. तिच्या दोन चाकांमधलं अंतर ठरवलं ते बटाट्याच्या दोन ओळींवरून: १,२७० मिलिमीटर. एखाद्या यंत्राचं माप बटाट्यांना विचारून घ्यावं, याहून सुसंस्कृत गोष्ट मला यंत्रांच्या इतिहासात आढळलेली नाही. तिच्यात पंचवीस अश्वशक्तीचं डिझेल इंजिन होतं आणि ती ताशी फार तर ५० ने धावे. खरी मौज तिच्या चाकांच्या आत होती. शेवटची कपात तिथे, अगदी चाकाच्या तुंब्यात केलेली. त्यामुळे धुरी चाकाच्या मध्याहून वर उचलली गेली, खालून दगड-बुंधे बिनबोभाट जाऊ लागले. शिवाय जोर शेवटच्या क्षणी वाढत असल्यामुळे मधल्या दांड्यांवर त्याचा ताण येईना, ते बारीक ठेवता आले. पहिलवानाचा दंड लहान मुलाचा आणि मनगट मात्र त्याचं स्वतःचं, असा काहीसा प्रकार. आपल्याकडच्या तेराशे सीसीच्या जिप्सीने निराळी युक्ती केली होती. तिच्यात 'हाय' म्हणजेसुद्धा १.४ पट कपात, आणि 'लो' सव्वादोनच्या थोडी वर. लहान इंजिनाने मोठेपणाचा आव न आणता आधीपासूनच थोडं हळू जायचं ठरवलेलं. पोलीस, लष्कर आणि जंगल खातं तिच्यावर इतकी वर्षं जीव लावून का होते, याचं अर्धं उत्तर या दोन आकड्यांत असावं.

आता शहरांतही चारही चाकांनी ओढणाऱ्या गाड्या उदंड झाल्या. आमच्या सोसायटीच्या तळघरातच तीन आहेत. त्यांच्या धाकट्या दांड्यांचं आयुष्य सुखाचं आहे. एकावर मंगळवारचा गजरा असतो, दुसऱ्यावर कानातल्या वायरी. तिसऱ्याच्या मालकाने एका रविवारी पाहुण्यांना दाखवायला म्हणून 'फोर लो' टाकला आणि पार्किंगच्या काँक्रीटवर गाडी वळवायला गेला. गाडी अडून बसली. टायर किंचाळले, खालून दोऱ्यांचा पीळ घट्ट होत गेल्यासारखं कण्हणं ऐकू आलं. त्यालाही दोष नाही. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळातून जातात, म्हणजे त्यांना जास्त फेऱ्या घ्याव्या लागतात. पण अशा गाड्यांत 'फोर'मध्ये पुढचं-मागचं एकाच बंधनात बांधलेलं. मातीवर टायर थोडा घसरून तडजोड करून घेतो, काँक्रीटवर तेवढीही मुभा नाही. पाहुण्यांना वाटलं गाडी बिघडली. मालकाचा चेहरा बघवेना. त्या संध्याकाळी चांदणी चौकात तो तासाला पाच किलोमीटरने दीड तास सरकत होता, 'हाय'मध्ये, आणि तिथे त्याला कुणी हसलं नाही.

विजेच्या गाड्या आल्या तेव्हा मला वाटलं की आता धाकट्या दांड्याचे दिवस भरले. विजेची मोटर बैलासारखी, उभ्या उभ्या पूर्ण जोर देते. तिला सराफाकडे जायचं कारण नाही. पण मर्सिडीजने २०२४ मध्ये आपली डोंगरी जी-वॅगन विजेवर आणली, तिच्यात चार चाकांना चार मोटारी, मिळून ५८७ अश्वशक्ती आणि १,१६४ न्यूटन-मीटर, तरीही प्रत्येक मोटारीपाशी दोनास एक असा धाकटा गिअर ठेवलाच. विलीजच्या आठपट टॉर्क घरात असूनही. हे वाचून मला कुणी जुना ओळखीचा माणूस परगावी सुखरूप भेटल्यासारखं झालं. फक्त दांडा नाही राहिला. एक बटण आहे, आणि बटणाला थरथरता येत नाही.

चढ चढायचा म्हणून लोक या गिअरचे गोडवे गातात. माझं मत निराळं आहे. त्याची खरी लायकी उतारावर कळते. चढावर गाडी हरली तर फार तर थांबते. उतारावर हरली तर थांबत नाही. पेडलवरून पाय काढला की इंजिन ओढायचं थांबवून उलटं अडवू लागतं, आत हवा ओढणं-दाबणं याचंच त्याला ओझं होतं, आणि ज्या दात्यांनी त्याचा जोर पंचवीस पट केला तेच आता त्याचं अडवणंही पंचवीस पट करून चारही चाकांना वाटून देतात. ब्रेक दाबावा तर ओल्या मातीवर चाकं बंद पडून गाडी घसरगुंडीसारखी खाली जाते आणि मग स्टिअरिंग कुठेही फिरवलं तरी शोभेपुरतंच. इथे चाकं फिरतच असतात, म्हणून वळतातही. अट एकच, काही करायचं नाही. ब्रेकला हात नाही, क्लचला तर पायच नाही. क्लच दाबला की इंजिन आणि चाकं यांची फारकत आणि गाडी दरीची. सगळी गंमत आणि सगळी भीती या निष्क्रियतेत आहे. ज्या गिअरात चढला त्याच गिअरात उतरा, हे घाटातल्या ड्रायव्हरांचं सांगणं यातूनच आलेलं. आणि तरी कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना चार थेंब डिझेल वाचवायला अवजड ट्रक न्यूट्रल करणारे अजून निघतातच.

माझ्या आजीला एकदा वरच्या वाडीहून खाली डॉक्टरकडे न्यायचं होतं. आषाढातली संध्याकाळ, पाऊस नुकता उघडलेला, वाट पाण्याने तुकतुकीत. तिला पुढे काकांशेजारी बसवलं, मांडीवर घोंगडी दिली, मी मागे कॅनांमध्ये. काकांनी नेहमीसारखी वाट बघून दांडा पाडला, चप्पल काढली, आणि दोन्ही पाय मागे ओढून सीटखाली घेतले. अक्षरशः मांडी घालायचे बाकी होते. जीप नाक खाली करून उतरू लागली आणि इंजिनाने टिपेला सूर धरला. समोर काचेत रस्ता नव्हताच, नुसती दरी आणि तिच्यातून वर येणारं धुकं. आजीने एका हाताने डॅशबोर्डची लोखंडी मूठ धरली होती, दुसऱ्या हाताने, का कोण जाणे, काकांच्या बाहीचं टोक. जीप तिच्या जिन्यावरून उतरण्याच्या चालीनेच उतरत होती. एक पाऊल, थांबणं, मग दुसरं.

"अरे, हे एवढं का केकाटतंय?" तिने विचारलं. "मोडलं का काही?"

"न्हाई आजी," काका म्हणाले. "त्यो वरडतुया म्हनून तर आपन निवांत हाय. गप बसला की भ्यायचं."

आजीने थोडा वेळ ऐकलं. मग बाही सोडली, घोंगडी नीट पायांवर ओढली आणि म्हणाली, "हे होते तेव्हा आमच्या घरात असंच होतं."